दुबईवाले गुरुजी

चिखलीला अजून रेल्वे आलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणं होतात, निवेदनं दिली जातात, निवडणुका येतात आणि जातात. रेल्वेची वाट पाहून कंटाळलेली माणसं मधल्या मध्ये विमानाने दुबईला जाऊन आली, आणि त्यांच्यातूनच आपल्या बुलडाणा जिल्ह्यात परदेश-सल्लागार ही नवी जमात निपजली. मेहकरला एक आहे. मलकापूरला दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. आमच्या चिखलीचे म्हणजे दुबईवाले गुरुजी.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पुण्याच्या मुलाने त्यांना आणि काकूंना एकदा, फक्त एकदाच, पाच रात्री-सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये दुबई आणि अबुधाबी दाखवून आणलं. तेव्हापासून हयातभराच्या नोकरीबद्दल गुरुजी अवाक्षर काढत नाहीत. मनगटावरचं घड्याळ अजून दुबईच्या वेळेवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे ते लग्नाला पोचतात तेव्हा अक्षता पडून पहिली पंगत उठलेली असते. कुणी टोकलंच तर शांतपणे म्हणतात, "तिकडे अजून मुहूर्त लागायचाय."

हल्ली त्यांच्याकडे गिऱ्हाईक वाढलं आहे. बियाणं आणि खतांच्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना परदेशाची टूर देतात. मग ज्याची धाव शेगावच्या पुढे कधी गेली नाही, त्याच्याही हातात पासपोर्ट येतो. पहिला पेढा गजानन महाराजांना ठेवला जातो आणि दुसरा गुरुजींना. पेढा तोंडात टाकून गुरुजी आतून एक जुनं हजेरीपत्रक आणतात. मुलांच्या नावांच्या जागी त्यात नियम आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात दंड. तोही दिरहममध्ये.

"बस," गुरुजी म्हणतात, आणि आवाज एकदम खाली आणतात. "पहिली गोष्ट. मुस्लिम देश आहे. जपून."

आवाज खाली आणून उपयोग नसतो, कारण ओसरीला लागूनच चाचांची ओसरी आहे आणि चाचांना सगळं ऐकू येतं. चाचा उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक. गुरुजींच्या घरचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो, ईदचा शीरखुर्मा इकडे येतो. होळीच्या सुमाराला पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते, तिथली नारळांची होळी पाहायला दोघे वर्षानुवर्षं एकाच जीपने गेले आहेत. चाचा हज करून आले, उमरा करून आले. पण त्यांनी आजवर कुणाला सल्ला म्हणून दिला नाही. भिंतीपलीकडून ते एवढंच म्हणतात, "गुरुजी, काहून भेव दाखवता पोराले?"

पोरगं म्हणजे पन्नाशीचा कृषी केंद्रवाला. त्याला भीती वगैरे काही नसते. त्याला एकच विचारायचं असतं, आणि ते विचारताना तोही आवाज खाली आणतो. "गुरुजी, तिकडे… मिळते का?"

गुरुजी हजेरीपत्रकाचं पान उलटतात. "शारजात अजिबात नाही. पूर्ण बंदी. १९८६ साली मियांदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर सिक्स मारला तेव्हापासून मी त्या गावाचं नावच टाकलंय. दुबईत परवाना असलेल्या हॉटेलात मिळते, वय एकवीस पूर्ण पाहिजे. पण झोकांड्या खात रस्त्यावर आलास तर पुढचा मुक्काम हॉटेलात नाही." ही माहिती मात्र बरोबर आहे. गुरुजींची पंचाईत हीच आहे, की त्यांची निम्मी माहिती अगदी पक्की असते आणि उरलेली निम्मी तितक्याच ठासून सांगितलेली असते.

पक्क्यांतली सर्वांत पक्की खसखशीची. खसखस आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती नेता येत नाही, कारण ती अफूच्या बोंडातून निघते आणि तिथला कायदा तिला अमली पदार्थांत धरतो. फराळाच्या डब्यापायी लोक अडचणीत आले आहेत. गुरुजींच्या प्रवासाच्या आदल्या रात्री हा शोध लागला तेव्हा काकूंचे अनारसे तळून झाले होते.

"खसखशीबिगर अनारसा?" काकू म्हणाल्या. "मग त्याले अनारसा काहून म्हणावं?"

"कायदा आहे."

"तुमच्या कायद्यानं कधी अनारसा खाल्ला का?"

अखेर पीठ पुन्हा थापलं गेलं आणि खसखशीच्या जागी तीळ लागले. करंज्या फोडून सारण तपासलं. काळ्या मसाल्याची पुडी, तीत काय काय कुटलं आहे ते काकूंना आठवेना म्हणून, घरीच राहिली. तेव्हापासून दुबईला निघालेल्या प्रत्येकाच्या डब्याची झडती गुरुजी स्वतः घेतात, आणि जप्त केलेला माल काकूंच्या स्वयंपाकघरात जमा होतो.

गोळ्यांचंही तसंच. गुरुजींच्या गुडघ्याची गोळी ट्रॅमाडॉलची निघाली. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. डॉक्टरची चिठ्ठी तर हवीच, शिवाय तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. गुरुजींनी परवानगी काढण्याऐवजी गोळीच सोडली आणि अख्खी दुबई लंगडत पाहिली. हा भाग ते सांगत नाहीत. तो काकू सांगतात.

काकूंमुळे गुरुजींचे बरेच नियम कोसळतात. नियम सातवा वाचून दाखवताना गुरुजी घसा खाकरतात: "नवरा-बायकोने सार्वजनिक ठिकाणी मिठी मारू नये, चुंबन घेऊ नये." आतून काकूंचा आवाज येतो, "चिखलीच्या बसस्टँडवर घेत होते का?" नियम आठवा पेहरावाचा. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत कोणत्याही धर्माच्या माणसाला जाता येतं, प्रवेश फुकट आहे, नोंदणी मात्र आधी ऑनलाइन करावी लागते. बाईने डोकं आणि हातपाय झाकायचे, पुरुषाने लांब पँट घालायची. गुरुजी हे बायकांकडे बघून वाचतात. प्रत्यक्षात काकू सैल पंजाबी ड्रेस घालून आणि डोक्यावर ओढणी घेऊन सरळ आत गेल्या होत्या. दारात अडवलं ते गुरुजींना. मुलाने हौसेने घेऊन दिलेली बर्मुडा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच दिवशी चढवली होती.

अडवलं बर्मुडा पाहून, पण आपला धर्म आडवा आला अशी गुरुजींची समजूत झाली. दुसऱ्या दिवशी ते अबुधाबीच्याच स्वामीनारायण मंदिरात गेले. राजस्थानच्या गुलाबी दगडाचं हे मंदिर तिथल्या राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर उभं आहे आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आपल्याच देवाच्या दारात कोण अडवतो, या खात्रीने गुरुजी पुन्हा बर्मुडातच होते. तिथेही पेहरावाचा नियम तसाच निघाला. मानेपासून घोट्यांपर्यंत अंग झाकून या.

मेट्रोचा प्रसंग गुरुजी स्वतः रंगवून सांगतात. दुबईची मेट्रो सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली. डब्यात खाणं-पिणं चालत नाही, च्युइंगगमसुद्धा नाही, दंड शंभर दिरहम, म्हणजे आपले दोन हजारांच्या वर. बायका-मुलांच्या डब्यात पुरुष शिरला तरी तेवढाच. शेगाव कचोरीचा डबा गुरुजींनी गाडी सुटताच मांडीवर घेतला. गाडीत बसलं की डबा उघडायचा, हा त्यांचा विदर्भ एक्स्प्रेसमधला संस्कार. मुलाने झाकण दाबून धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. गुरुजींच्या सांगण्यात मात्र ते स्वतःच शेजारच्या प्रवाशाला नियम समजावत असतात.

त्या सहा दिवसांत गुरुजींच्या स्वभावात मोठा फरक पडला होता. तिथे व्हॉट्सॲपवर शिवी दिली किंवा कुणाचा अपमान केला तरी सायबर कायद्याखाली गुन्हा होतो, हे मुलाने विमानात बसण्याआधी कानावर घातलं. गुरुजी गावच्या ग्रुपवर सहा दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. व्हिडिओ कॉल करून बुर्ज खलिफा दाखवावा म्हटलं, तर व्हॉट्सॲपचे कॉल तिथे चालत नाहीत. गुरुजींचं खरं नुकसान ते झालं.

रमजानबद्दल मात्र त्यांची फसगत होते. "मार्चमध्ये जाऊ नका, रमजान असतो," असं ते सर्रास सांगतात. इस्लामी वर्ष चांद्र आहे, साधारण ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून दिवाळी थंडीच्या तोंडाशी धरून ठेवतो. तिकडे अधिक महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ साली तो फेब्रुवारीतच सुरू झाला. रमजानात गेलं म्हणून उपाशीही राहावं लागत नाही. दुबईत २०२१ पासून हॉटेलांना दिवसा पडदे लावायची सक्ती राहिलेली नाही. चारचौघांत, रस्त्यावर खाऊ-पिऊ नये, इतकंच. चाचांचा रोजा असतो तेव्हा गुरुजी स्वतः चहाचा कप घेऊन ओसरीवर येत नाहीत, आत बसून पितात. ते त्यांना कुणी हजेरीपत्रकातून शिकवलेलं नाही.

सोन्याचा सल्ला तर थेट महागात पडणारा आहे. "बाईमाणसाला चाळीस ग्रॅम माफ," असं गुरुजी सांगतात. चाळीस ग्रॅम स्त्रीला आणि वीस पुरुषाला, हे आकडे बरोबर. पण ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांच्या दागिन्यांना आहे. सहा दिवसांत परतणाऱ्याला नाही. काकूंनी तिथे एक गुंजही घेतली नाही. त्यांचा सोनार ठरलेला आहे आणि चांदी त्या खामगावशिवाय कुठे घेत नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर गुरुजी दुबईवालेच राहिले असते. पण एका देशाच्या सहा दिवसांवर त्यांनी पन्नास देशांची जबाबदारी घेतली आहे. एक प्राध्यापक जोडपं बालीला निघालं, तर गुरुजींनी त्यांना देवाची मूर्ती नेऊ नका म्हणून बजावलं. इंडोनेशिया हा जगात सर्वाधिक मुसलमान असलेल्या देशांपैकी एक खरा. पण बाली बेट हिंदूबहुल आहे, आणि त्या देशाच्या वीस हजार रुपियाच्या एका नोटेवर गणपती छापलेला होता. उलट मालदीवला मधुचंद्राला निघालेल्या पोराला त्यांनी सांगितलं, "बिनधास्त जा, ते तर बेटच आहे." मालदीवमध्ये पूजेची मूर्ती कस्टमवाले खरोखरच आत नेऊ देत नाहीत, आणि दारू मुख्यतः रिसॉर्टवरच मिळते. दोघांना गुरुजींनी एकाच पानावरून सल्ला दिला होता, फक्त तो उलटा लागू पडला.

हजेरीपत्रकात एक नियम नाही, आणि तोच आपल्या माणसाला सर्वांत जड जातो. तो थुंकण्याचा. तंबाखू-चुना मळून तिसऱ्या मिनिटाला कोपरा शोधायची सवय विमानात बसल्याने जात नाही. दुबईत पान-गुटख्यावर बंदी आहे आणि थुंकीवर दंड. पण गुटखा महाराष्ट्रातही २०१२ पासून बंद आहे. दोन बंद्यांतला फरक कुणाला पाहायचा असेल तर त्याने चिखलीच्या कोणत्याही सरकारी जिन्याचे कोपरे पाहावेत. हा नियम गुरुजी लिहीत नाहीत, कारण सल्ला देताना त्यांच्या स्वतःच्या गालात बार भरलेला असतो.

परवा कृषी केंद्रवाला उठता उठता भिंतीपलीकडे वाकला. "चाचा, तुम्ही तर तिकडे दोनदा गेले. तुम्ही काही सांगा ना."

चाचा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "सैलानीले जातो तसा जा. चपला बाहेर काढ, डोक्याले रुमाल बांध, कोणाच्या बायापोरीईचा फोटो काढू नको. आन् बसस्टँडवर वागतो तसा वागू नको."

गुरुजींनी ते हजेरीपत्रकात उतरवून घेतलं आणि खाली स्वतःची सही केली.

तुम्ही जाणार असाल, तर त्या देशाच्या दूतावासाने दिलेल्या सूचना वाचा, औषधांची परवानगी आधी काढा, सोन्याचा हिशेब कस्टमच्या नियमावरून करा आणि तंबाखूची डबी घरी ठेवा. बाकीचं तुम्हाला येतं. जिल्ह्यात शेजारपाजार सांभाळून राहणाऱ्या प्रत्येकाला ते येतं. गुरुजींकडे मात्र जाच. सल्ला तपासून घ्यावा लागेल, पण काकूंचे तिळाचे अनारसे खसखशीच्या अनारशांपेक्षा चांगले होतात.