लघवीला पोटाची खुशाली विचारताना

भुकूममध्ये राहणाऱ्या, जेवलं की पोट गुबारणाऱ्या आणि रात्री मोबाइलवर ‘डिस्बायोसिस’ वाचत जागणाऱ्या नवशिक्यांसाठी, लघवीतली सेंद्रिय आम्लं मोजणाऱ्या चाचणीच्या या सूचना. डिस्बायोसिस म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडणं. तो नेमका किती बिघडला की बिघडला म्हणायचं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. काळजी नसावी, रिपोर्टातले लाल बाण मात्र ठाम असतात.

‘योगरत्नाकरा’त लघवीवर तेलाचा थेंब सोडून, तो कसा पसरतो त्यावरून रोग साध्य की असाध्य ते ठरवलं आहे. तुमच्या चाचणीत तेलाच्या जागी मास स्पेक्ट्रोमीटर असतो, त्यामुळे खर्च वाढतो.

सकाळची पहिली लघवी, मधली धार, स्वच्छ डबीत घ्या आणि लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. मटारच्या पिशवीमागे ठेवणार असाल तर घरच्यांना आधी सांगा. पुढे कुरियर चांदणी चौकात अडकलं आणि डबी वितळली, की तिच्यातले जिवाणू कामाला लागतात. काही जिवाणू तर चाचणीत मोजायचं हिप्पुरेटच तोडतात. मग रिपोर्ट तुमच्या आतड्याचा न येता पौड रस्त्याचा येतो.

हिप्पुरेट हा चाचणीत मोजल्या जाणाऱ्या पदार्थांतला मानकरी. 1829 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी त्याचं आम्लरूप घोड्याच्या लघवीत ओळखलं. चहा, करवंदं, जांभळं यांतल्या पॉलिफेनॉलपासून आतड्यातले जिवाणू बेंझोइक आम्लासारखे पदार्थ बनवतात, यकृत आणि मूत्रपिंड त्याला ग्लायसिन जोडतात आणि तयार झालेलं हिप्पुरेट लघवीवाटे जातं. आतड्यात जिवाणूंची विविधता असलेल्यांमध्ये ते बऱ्याचदा जास्तच सापडतं. म्हणजे बाण वर गेला तर आनंद मानायलाही हरकत नाही. पण आदल्या दिवशी बाटलीतलं सरबत प्यायलात आणि त्यात सोडियम बेंझोएट असेल, तर जिवाणूंनी बोटही न हलवता आकडा चढतो.

इंडिकानचं असंच. डाळ, दूध, अंडी यांतलं ट्रिप्टोफॅन मोठ्या आतड्यात पोचलं की जिवाणू त्याचं इंडोल करतात आणि यकृत त्याला इंडिकानचं रूप देतं. ते वाढलं तर जिवाणू माजले असतील, किंवा नुसती बद्धकोष्ठता असेल. ट्रायमिथायलअमाइन ऑक्साइडही मोजणार असाल, तर आदल्या रात्री समुद्राची मासळी खाऊ नका. तिच्यात ते तयारच असतं.

लघवी पातळ की दाट याचा हिशेब क्रिएटिनिनने भागून करतात. आजोबांचे स्नायू उतरले असतील तर त्यांचं क्रिएटिनिन कमी भरतं आणि भागाकारात सगळंच फुगलेलं दिसतं. शिवाय ‘नॉर्मल’ पट्टा कुणाच्या ताटावरून काढला, हेही लॅबला विचारा. फोनवर थोडा वेळ शांतता पसरेल.

पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातल्या ‘नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स’ने (एनसीसीएस) भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम केलं आहे, ते शौचाच्या नमुन्यातल्या डीएनएवरून, लघवीवरून नाही. लघवीतली सेंद्रिय आम्लं मोजण्याचा खरा उपयोग तान्ह्या बाळांचे जन्मजात चयापचय विकार पकडण्यात आहे. तिथे ही चाचणी जीव वाचवते. गुबारलेल्या पोटाचं निदान तिच्यावरून करण्याइतका पुरावा अजून नाही. तिच्या भरवशावर महागडे प्रोबायोटिक मागवू नका.

आणि शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर डबी बाजूला ठेवा आणि थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जा.