श्वास कुणी कापला?

मैफल संपली की पार्किंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘रेकॉर्डिंगमध्ये जास्त छान वाटतं.’

वाटणारच. रेकॉर्डिंगमधल्या गायकाला दम लागत नाही.

स्टुडिओत गाणं तुकड्यातुकड्यांनी होतं. मुखडा आज, अंतरा उद्या. चुकलेली जागा तेवढी ‘पंच’ करायची, अनेक टेकमधली बरी ओळ उचलायची. मग संगणकाच्या पडद्यावर दोन ओळींमधला श्वास शोधायचा आणि पुसून टाकायचा. आणि या मापाने आपण हाडामांसाच्या गायकाला मोजणार?

तडजोड पूर्वीही होतीच. 1902 साली कोलकात्यात गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर गायल्या, तेव्हा सगळा राग तीनेक मिनिटांत बसवावा लागला. पण त्या तीन मिनिटांत डागडुजीला वाव नव्हता. सूर घसरला तर घसरला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. यंत्र अडचणीचं होतं. गळा मात्र त्यांचाच होता.

1997 मध्ये ऑटो-ट्यून आलं. हललेला सूर ओढून जवळच्या स्वरावर बसवणारं. पॉपमध्ये एक वेळ चालेल. आपल्याकडे?

दरबारी रागाचा गंधार घ्या. तो एका जागी उभा राहतच नाही. रिषभाकडे झुकत, संथ झुलत राहतो. हे झुलणं यंत्राला चूक वाटतं. ध्वनिमुद्रकाचा हात जड असेल, तर तोच गंधार पेटीच्या पट्टीवर ताठ येऊन बसतो. सूर बरोबर.

दरबारी गेला.

त्यापेक्षा कुणीतरी जपून ठेवलेली खासगी बैठकीची कॅसेट ऐका. मध्येच तबल्यावर हातोडी पडते, कुणी खोकतं, समेवर दाद येते. गायक जागा शोधतो, ती हुकते, तो त्याच वाटेने परत जातो आणि या खेपेला मिळवतो. ख्याल म्हणजे दुसरं काय असतं?

आणि आता तर ‘लाइव्ह’ शिक्क्याचे अल्बमही स्टुडिओत धुऊन-पुसून बाहेर येतात. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात. मग सूर कुठे दुरुस्त केला, टाळ्या कुठून आणल्या, हे अल्बमवर का छापू नये? श्रोत्यांनी हट्ट धरला तर छापतील.

धरा.