फुटीनंतरचे नाना

प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक एसटी स्टँड, एक पुतळा आणि एक हिरो होंडावाले नाना असतात. पहिल्या दोघांची मधूनमधून डागडुजी होते. नानांची मतं मात्र बसवली तेव्हापासून हललेली नाहीत.

नानांचा मुक्काम स्टँडसमोरच्या टपरीवर. नवी मोटारसायकल घ्यायला निघालेल्या माणसाने आधी त्यांच्याकडे हजेरी लावायची असा रिवाज आहे. सल्ला विचारावा लागत नाही, तो मिळतोच. टीव्हीएस बघतोय म्हटलं की नाना म्हणतात, "दिसायला चांगलीय." सूर असा, की दिसायला चांगली असणं हा गाडीतला दोष वाटावा. बजाज म्हटलं की, "घे बाबा, पैसे तुझे आहेत." बुलेट म्हटलं की, "डेअरीला दूध घालायचंय का वरातीत जायचंय?" मग आपल्या स्प्लेंडरच्या सीटवर थाप मारून ते गप्प बसतात. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं असतं.

ही स्प्लेंडर नानांनी अशी सांभाळली आहे की घरातल्या माणसांना हेवा वाटावा. टाकीला कव्हर, सीटला कव्हर, आणि मुक्कामी लावली की सगळ्याला मिळून आणखी एक कव्हर. गाडी कधी रिझर्व्हला लागू दिली नाही. ऑइल बदलताना नाना मिस्त्रीच्या डोक्यावर बॅटरी धरून उभे राहतात आणि जुनं ऑइल दोन बोटांत चोळून बघतात. एवढी बडदास्त ठेवली तर कुठल्याही कंपनीची गाडी नातवापर्यंत टिकेल. पण नाना सगळं श्रेय कंपनीला देतात. चेन तुटली तर रस्ता खराब, प्लग गेला तर पेट्रोलमध्ये भेसळ. 22 सप्टेंबर 2025 ला 350 सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि सगळ्याच कंपन्यांच्या किमती उतरल्या. नानांनी टपरीवर पेपर फडकवला, "बघा, आपल्या कंपनीला गिऱ्हाइकाची कदर आहे."

अशा माणसावर 2010 च्या डिसेंबरमध्ये आभाळ कोसळलं. हिरो आणि होंडा वेगळे होणार असल्याची बातमी आली. 1984 ची भागीदारी, 1985 ची पहिली सीडी 100, 1994 ची स्प्लेंडर, एवढा सगळा संसार. होंडाने आपला 26 टक्के हिस्सा सोडला आणि 2011 साली पाटी बदलून 'हिरो मोटोकॉर्प' झाली. पुढे 2022 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रातले दोन पक्ष फुटले. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, खरा वारसदार कोण, यावर टपरीवर कपबश्या आपटल्या जायच्या. तेव्हा नाना एकटे शांत होते. म्हणाले, "हे सगळं मी 2010 सालीच भोगलंय."

आणि भोगलं होतंच. फुटीआधी नाना छातीवर हात ठेवून सांगायचे, "इंजिन होंडाचं आहे म्हणून घेतली. हिरोचं काय, लुधियानाची सायकलवाली माणसं!" फुटीनंतर सायकलवाली माणसं राहिली आणि इंजिनवाले गेले. हिशोबाने नानांनी इंजिनामागे जायला हवं होतं. पण 'स्प्लेंडर' हे नाव सायकलवाल्यांकडे राहिलं. सहा महिने नाना कुठल्या गटात आहेत ते कुणालाच कळेना. शेवटी त्यांनी भूमिका जाहीर केली, "जो घर सोडून गेला तो आपला नाही." पुढे नवी स्प्लेंडर घेतली तेव्हा टाकीवर नुसतं 'हिरो' होतं. नानांनी गाडी शोरूममधून थेट रेडियमवाल्याकडे नेली आणि शेजारी 'होंडा' चिकटवून घेतलं. लिंबू त्यानंतर फोडलं. देशातली ती बहुधा एकमेव विलीनीकरण झालेली गाडी असावी.

2023 च्या मार्चमध्ये होंडानेच शंभर सीसीची शाइन आणली, मुंबईतली एक्स-शोरूम किंमत 64,900 रुपये. थोरल्या मुलाने धीर करून विषय काढला, "बाबा, स्वस्त आहे. आणि होंडाच आहे, तुमचंच इंजिन." नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पोराने पुढे शेतातल्या मोटारीचं इंजिनसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय घेतलं नाही.

खरी लढाई पुतण्याशी झाली. 2024 च्या जुलैमध्ये पुण्यात बजाजची सीएनजीवर चालणारी फ्रीडम 125 बाजारात आली, जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल, किंमत 95,000 पासून. पुतण्या टपरीवर कागद घेऊन आला. "नाना, रोजचे 30 किलोमीटर धरा, सुट्ट्या सोडून वर्षाचे 9,000. साठच्या अॅव्हरेजने 150 लिटर पेट्रोल, शंभरच्या वर भाव. सीएनजीला कंपनी किलोमागे 102 सांगते, आपण शंभर धरू. 90 किलो, तेही शंभरच्या आत. वर्षाला निदान सहा हजार सुटतात."

नानांनी कागद हातात घेतला नाही. "सहा हजारांसाठी कंपनी बदलू? लोक पक्षसुद्धा खोक्याखाली बदलत नाहीत. आणि रिक्षांच्या रांगेत गॅस भरायला उभा राहशील तेव्हा तुझे पाहुणे तिथूनच जातील, बघ."

तेवढ्यात घराकडे निघालेल्या काकू पिशवी सांभाळत टपरीपाशी थांबल्या. त्यांनी एका वाक्यात नानांचा इतिहास उघडा केला. "कागद बघा की जरा, मामंजींना तुम्ही असाच दाखवला होता."

मग सगळं बाहेर आलं. नानांच्या वडिलांकडे राजदूत होती. गावात राजदूत, येझदी आणि बुलेट, एवढेच मान्यताप्राप्त पंथ. राजदूत टू स्ट्रोक, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं आणि मागे धुराचा पडदा सोडत जायचं. त्यात नाना लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडून फोर स्ट्रोक सीडी 100 घेऊन आले. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' अशी तिची जाहिरात होती. वडिलांनी गाडी सुरू करायला लावली, आवाज ऐकला आणि विचारलं, "चालू झाली का?" थोरल्या चुलत्यांनी तिला शिवणयंत्र म्हटलं. घराण्याची गाडी सोडून जपान्यांच्या नादी लागलेला पोरगा म्हणून नाना त्या वेळचे गद्दार होते. निष्ठा ही बहुतेक वेळा जुनी बेरीज असते. उत्तर पाठ राहतं, आकडे पुसले जातात.

काकू गेल्यावर नाना एवढंच म्हणाले, "ते वेगळं होतं." कसं वेगळं, ते सांगायच्या आतच त्यांना फोन आला. फोन वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही.

पुतण्याने दसऱ्याला सीएनजी घेतली. रांगेत उभा राहिला, पाहुण्यांनी पाहिलाही. वर्ष गेलं. परवा टपरीवर एक पोरगा त्याला इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशोब दाखवत होता. चार्जिंगला किती युनिट, किलोमीटरला किती पैसे, सगळं मोबाइलवर मांडून. पुतण्याने मोबाइलकडे पाहिलंच नाही. "बॅटरी गेली की रडशील. सीएनजीसारखं काही नाही. आपली कंपनी पुण्याची आहे, लेका."

नानांनी पेपर बाजूला केला आणि टपरीवाल्याला हाक मारली, "याचा चहा माझ्या खात्यावर लिही." बजाजवाल्यासाठी नानांनी खातं उघडल्याची ही पहिलीच वेळ होती.