मोजलंत का?

माझ्या सासऱ्यांना दुरुस्तीत फारसा रस नाही. त्यांचा सगळा जीव बिघाडात. मिक्सर बंद पडला की बाकीची माणसं हळहळतात. अण्णांचा चेहरा खुलतो. ते चष्मा बदलतात, खिशातला टेस्टर काढतात आणि विचारतात, "बंद पडताना आवाज काय झाला?" कुणी चुकून म्हणालंच, "जाऊ दे अण्णा, नवीन घेऊ," तर पंचनाम्याआधी प्रेत हलवणाऱ्याकडे फौजदारानं बघावं तसं ते त्याच्याकडे बघतात.

अण्णा बोर्डातून निवृत्त झाले. बोर्ड म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती वगैरे कंपन्या निघाल्या. अण्णांच्या निवृत्तीच्या पत्रावर कंपनीचंच नाव आहे, पण ते पत्र त्यांनी मनावर घेतलेलं नाही. उमेदीची सगळी वर्षं ११ केव्हीच्या फीडरवर गेली. पावसाळ्यात रात्री लाइन ट्रिप व्हायची. मैलोनमैल पसरलेल्या लाइनवर कुठे इन्सुलेटर फुटलाय, कुठे फांदी टेकलीय, हे अंधारात शोधायचं. त्याची रीत एकच: मधला स्विच उघडायचा आणि सबस्टेशनकडची अर्धी लाइन चार्ज करायची. टिकली तर दोष पलीकडे. मग पलीकडच्या लाइनचे पुन्हा दोन भाग. "खांब मोजत बसतो तो लाइनमन," अण्णा म्हणतात, "आणि मधोमध तोडतो तो इंजिनियर." हे वाक्य त्यांनी लेकीच्या लग्नात, व्याह्यांशी बोलताना, मानापमानाच्या संदर्भात वापरलं होतं. ते कुणालाच कळलं नाही, पण वाद मिटला.

असा हा माणूस जानेवारीत आमच्याकडे इंग्लंडला, रेडिंगला आला. सोबत सासूबाई माई, मेतकूट, भाजणी आणि मल्टिमीटर.

आल्या आल्या त्यांनी सॉकेटचं व्होल्टेज घेतलं. २४३. तासाभराने २४१. इथे २३० व्होल्टचा पुरवठा २१६ ते २५३च्या आत ठेवावा लागतो, हे ऐकून ते म्हणाले, "ठेवावा लागतो हे आम्हालाही माहीत होतं. हे लोक ठेवतात!" आणि वहीत नवं पान उघडलं. मग त्यांनी एक प्लग उघडला आणि मटकन खुर्चीत बसले. निळी तार न्यूट्रलला होती. आपल्याकडे तांबडा, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल. जन्मभर ज्या निळ्याला भिऊन राहिले, तो इथे निरुपद्रवी. "रंगावर विश्वास ठेवू नये," त्यांनी नातीला सांगितलं. नात सात वर्षांची. तिने मान डोलावली.

आणि त्याच सुमारास आमचं हीटिंग बिघडलं. ही अण्णांची पुण्याई.

बिघाड मोठा विचित्र होता. रेडिएटर कधी तापत, कधी दिवसभर थंडगार. बॉयलरच्या पडद्यावर दोषाचा एकही आकडा नाही. मी बॉयलरचं रीसेटचं बटण दाबायला गेलो, तर मागून आवाज आला, "हात लावू नका, जावईबापू. पुरावा पुसला जाईल."

मेकॅनिकला बोलावलं. तरुण, हसतमुख मुलगा. इथे गॅसच्या उपकरणाचं काम 'गॅस सेफ'च्या यादीतल्या माणसानेच करायचं असा कायदा आहे. अण्णांना हा कायदा इतका आवडला की त्यांनी त्या मुलाचं ओळखपत्र मागून घेतलं आणि उलटं करून पाठीमागे छापलेली, त्याला करायची परवानगी असलेली कामं चष्म्यातून वाचली. त्याने टायमरवर सगळं चालू केलं, नळाचं पाणीही आणि रेडिएटरही. बॉयलर पेटला, रेडिएटर तापले. मुलगा म्हणाला, दोष येऊन-जाऊन असणारा आहे. पुन्हा झालं तर बोर्ड बदलावा लागेल.

"बोर्ड बदलून काही होत नसतं," अण्णा मराठीत म्हणाले. "२००५ साली बदललंच की." मग आपल्या खास पत्रव्यवहारी इंग्रजीत त्याला म्हणाले, "काइन्डली फर्निश द रीडिंग्ज." त्याने काहीच मोजलं नव्हतं. अण्णांनी त्याला चहा दिला, पण बिस्किटांचा डबा उघडला नाही.

संध्याकाळी घर पुन्हा गारठलं. आता सूत्रं अण्णांकडे. बॉयलरच्या झाकणाला ते शिवले नाहीत. परमिट नाही तर हात नाही, हा बोर्डाचा धर्म. "पण बॉयलर निर्दोषच आहे," ते म्हणाले. "दोष असता तर आकडा दाखवला असता. त्याला कुणी बोलावलेलंच नाही. निरोप वाटेत अडकलाय." मग त्यांनी साक्षी नोंदवायला सुरुवात केली. कोणत्या खोलीत, किती वाजता, कुणाला उबदार वाटलं? आम्ही सगळे निरुपयोगी साक्षीदार निघालो. शेवटी माई शालीच्या आतून म्हणाल्या, "माझं विचाराल तर, तुम्ही आंघोळीला गेलात ना, की घरात जरा बरं वाटतं."

त्यांची लेक, म्हणजे माझी बायको, खुदकन हसली. इतक्या वर्षांच्या संसाराचा सारांश असावा, असं समजून मीही हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं. "किती वाजता?"

वही जुळली. आंघोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासात रेडिएटर गरम, पुढे पुन्हा गार. अण्णा उठून येरझाऱ्या घालू लागले. मग थांबून म्हणाले, "जावईबापू, आंघोळीला जा."

"अण्णा, सकाळीच झालीय."

"ती तुमची. ही प्रयोगाची."

जानेवारीच्या संध्याकाळी टाकीतलं गरम पाणी संपेपर्यंत आंघोळ करून मी बाहेर आलो, तर दिवाणखान्यातला रेडिएटर तापू लागला होता आणि अण्णा त्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे होते.

मग त्यांनी मला कपाटातल्या दोन व्हॉल्व्हसमोर बसवलं. एक रेडिएटरचा, एक गरम पाण्याच्या टाकीचा. टायमर चालू झाला आणि थर्मोस्टॅटला खोली गार वाटली, की वीज व्हॉल्व्हच्या तपकिरी तारेत येते. छोटी मोटर व्हॉल्व्ह उघडते. पूर्ण उघडला की आतला दांडा नखाएवढा मायक्रोस्विच दाबतो, आणि मगच करड्या तारेतली कायमची वीज नारिंगी तारेतून पंपाला नि बॉयलरला जाते. दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी तारा एकाच टर्मिनलवर. टाकी तापत असली की तिचा व्हॉल्व्ह बॉयलर पेटवतो आणि रेडिएटर फुकटात तापतात. पाणी ६० अंशांना पोचलं की तो व्हॉल्व्ह मिटतो, आणि रेडिएटरच्या व्हॉल्व्हने स्वतः हाक मारायची वेळ येते. ती हाक जात नव्हती. "त्या पोराने दोन्ही चालू करून पाहिलं," अण्णा म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याच्या फेजवर आपला दिवा लागला."

सगळं दिसत होतं, तरी मोजल्याशिवाय सुटका नव्हती. टाकीचं बटण बंद. हीटिंगचा मुख्य स्विचही बंद, आणि त्यावर अण्णांनी पाटी लटकवली: 'सावधान. माणसे काम करीत आहेत.' घरात मराठी न वाचता येणारी एकटी नातच असल्यामुळे खाली कवटी, दोन हाडं आणि '११००० व्होल्ट' असंही काढलं. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासलं, मग जोडणीच्या डबीचं झाकण उघडून तारांवर, मग पुन्हा सॉकेटवर. मधल्या काळात मीटरच मेलं नाही ना, याची खात्री. तेव्हा कुठे तारांना हात लावला. आम्ही कोट घालून रांगेत उभे.

वीज चालू केली. सुरुवात अर्थातच मधोमध. तपकिरी: २४१. "टायमर, थर्मोस्टॅट, दोघेही सुटले." करडी: २४१. खटका हलवून पाहिला, व्हॉल्व्ह उघडलेला. नारिंगी: ५८.

मी म्हटलं, "म्हणजे थोडी येतेय."

अण्णांनी फार करुणेने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या तारांमुळे रिकाम्या तारेत असं लटकं व्होल्टेज दिसतं. डिजिटल मीटर इतकं हलकं ओढतं की त्याला ते खरं वाटतं. त्यांनी बॅगेतून होल्डरला तारा जोडलेला टेस्ट लॅम्प काढला. इथले पिनवाले बल्ब आपल्यासारखेच, त्यामुळे बल्ब इथलाच बसला. दिवा जोडताच ५८चे शून्य झाले. "खोटा साक्षीदार," अण्णा म्हणाले. "ओझं टाकलं की पळतो."

मायक्रोस्विच गेला होता. बोर्डाच्या किमतीपुढे किरकोळ पैशांत व्हॉल्व्हचं नवं डोकं आलं. पाणी न काढता ते बदलता येत होतं. अण्णांनी पाटी लावून ते बसवलं, टाकीचं बटण बंद ठेवून वीज दिली. बॉयलर पेटला. घर तापलं. माईंनी शाल काढली. लेकीने शिरा केला. मी कोट खुंटीला लावला.

इतक्यात रेडिएटर गार पडू लागले. कपाटाशी जाऊन पाहतो तो स्विचवर पुन्हा कवटी आणि हाडं. अण्णा नवं डोकं काढून जुनं बसवत होते.

"अण्णा! अहो, चालत होतं ना?"

"चाललं म्हणजे काय सिद्ध झालं? हलवाहलवीत एखादी सैल तार बसली असेल. जुनं लावल्यावर दोष परत आला, तरच तो इथे होता."

त्यांनी वीज दिली. व्हॉल्व्ह उघडला. बॉयलर ढिम्म. "बंद!" अण्णा ओरडले. स्वतःच्या घरातलं हीटिंग बंद पडल्याचा एवढा आनंद रेडिंगमध्ये कुणाला झाला नसेल. माईंनी शाल परत घेतली, शिऱ्याची बशी उचलली आणि नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "चल, आपण पांघरुणात बसून खाऊ. यांचं सिद्ध होऊ दे."

पुढे ही बातमी शेजारी पसरली. पलीकडच्या घरातले वृद्ध साहेब कुंपणापाशी येऊन म्हणाले, आमचाही बॉयलर मधूनमधून त्रास देतो, जरा पाहाल का? अण्णांचे डोळे चमकले. त्यांनी एकच विचारलं, "सध्या चालू आहे की बंद?"

"सध्या अगदी छान चालू आहे."

अण्णांचा चेहरा उतरला. "त्यांना सांगा, जावईबापू," ते म्हणाले, "आधी नीट बंद पडू द्या. मग बोलवा."