बारावा गडी

चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या एका पानठेल्यावर प्रस्तुत लेखक क्रिकेट निवड समितीचा तहहयात अध्यक्ष आहे. नेमणूक कोणी केली, हे विचारू नये. 25 जून 1983 ला कपिलने विश्वचषक उचलला, तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन दहा महिने पुरे व्हायला एक दिवस कमी होता आणि लेखक चंद्रपुरात रेडिओला कान लावून होता. एवढी पात्रता पुरे.

परवा त्याने आपल्या काळातले थोर अकरा काढायला घेतले. 2000 साली 'विस्डेन'ने शतकातले पाच निवडायला शंभर जाणकार बसवले होते. ब्रॅडमनला शंभर मते पडली, सोबर्सला नव्वद. ते दहा नतद्रष्ट कोण, या चिंतेत लेखकाची एक रात्र गेली.

थोर कोण, हा वाद ताडोब्यात वाघांवरूनही चालतो. कोणी वाघडोहचा, कोणी मटकासुराचा. वाघडोह 2022 साली म्हातारा होऊन गेला, तेव्हा लोक जे हळहळले, ते गावसकर निवृत्त झाल्यासारखेच. शंभर आंतरराष्ट्रीय शतकांचा तेंडुलकरही इथे जिप्सीत बसून वाघाची वाट बघतो. वाघाला मात्र त्याची सरासरी ठाऊक नसते. लेखकाला हे फार आवडते. ठेल्यावर त्याने ते इतक्यांदा सांगितलेय, की आता ठेलेवाला खर्रा घोटता घोटता शेवटचे वाक्य आधीच म्हणून टाकतो.

यादी वाचून झाली. बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "काका, याच्यात उमेश यादव कुठी हाये?"

"57 कसोटी, 170 बळी," लेखक अध्यक्षीय सुरात म्हणाला. "चांगला आहे. पण थोर?"

"माझा बाप बी वेकोलितच हाये," पोरगा म्हणाला.

लेखक गप्प झाला. उमेशचे वडीलही वेकोलिच्या कोळसा खाणीतले. पोलीस भरतीत तो लागला नाही, विशीपर्यंत टेनिस बॉलच टाकत राहिला आणि 2011 साली विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू झाला. गडचिरोलीतही धान निघाले, की पोरे अशीच बांधीत खेळतात. धुऱ्यावर आपटून चेंडू कुठेही उडतो. षटकार जंगलात गेला तर बाद, कारण आणायला जाणार कोण? सिरोंच्याच्या पोराला निवडीसाठी नागपूर तीनशेहून जास्त किलोमीटर पडते. अध्यक्षांनी त्या बांधीत कधी पाऊल ठेवलेले नाही.

बाराव्या जागी लेखकाने स्वतःचे नाव घातले होते. ते खोडून त्याने उमेश लिहिले.

पोरगा वाकून बघत म्हणाला, "त्याले पानी न्यायला ठेवता काय?"