योग्य पर्याय निवडा

नर्सिंगच्या सराव प्रश्नसंचातला रुग्ण मोठा गुणी. ‘प्रौढ रुग्णाला डिगॉक्सिन देण्यापूर्वी परिचारिका काय करेल?’ छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजेल, पूर्ण एक मिनिट. 60च्या खाली भरले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवेल. पर्याय क, एक गुण. त्या मिनिटात शेजारचं सलाईन संपत नाही, कुणाचे मामा ‘अहो सिस्टर, पंखा!’ म्हणून ओरडत नाहीत, आणि डॉक्टर चक्क पहिल्या रिंगला फोन उचलतात. ‘या चौघांपैकी आधी कोणाकडे जाल?’ हे तर निव्वळ अद्भुतरम्य साहित्य. चौघेच? सरकारी रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरपुढे अख्खा वॉर्ड असतो, खाली गाद्या टाकलेले धरून. आणि आधी जावं लागतं ते नगरसेवकाच्या मेव्हण्याकडे. तो कुठल्याच पर्यायात नसतो.