मुक्या अक्षरांचा कैवार

बोलायचे नाही ते लिहू नये, हा शहाणपणा. फ्रेंच लोकांनी तो कधी मनावर घेतला नाही, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. त्यांचे बोलण्याचे क्रियापद ‘पार्ले’ घ्या. मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी वर्तमानकाळात तोंडातून एकच ‘पार्ल’ निघतो, एका शब्दावयवाचा. कागदावर मात्र ‘तू’साठी शेवटी एक एस आणि ‘ते’साठी ई-एन-टी, सगळी मुकी. पण क्रियापद आधी घेऊन ‘बोलतात का ते?’ असे विचारा. लगेच तो टी जागा होतो आणि पुढच्या सर्वनामात जाऊन बसतो : पार्ल-तील. जुन्या छंदात तर पुढे व्यंजन आले की मुका ईसुद्धा मोजतात. त्याला गाळले तर बारा अवयवांची ओळ अकरावर येते.

हाक मारण्याचे ‘आप्ले’ आणखी हट्टी. ‘आम्ही’ असू तेव्हा एक एल पुरतो. ‘मी’ म्हटले की ‘आपेल’चा शेवटचा अवयव बंद होतो आणि एल दोन होतात. १९९०च्या लेखनसुधारणेत अशी बहुतेक क्रियापदे सरळ केली गेली. ‘आप्ले’ आणि फेकण्याचे ‘जते’ मात्र तशीच ठेवली. फार चांगले केले.

आपल्याकडेही हे वेड होते. ‘मी जातों’ आणि ‘तो जातो’ कानाला सारखेच. निघाला कोण ते डोक्यावरच्या टिंबावरून कळायचे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. पोरांचे हाल वाचले, हे मान्य. तरी ते टिंब गेल्याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण ते फुकटचे नव्हते. प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष वेगळे ठेवण्याचे काम ते करत होते.

ते काम गोंदियाजवळच्या नागरा गावात टिंबावाचून चालते. महाशिवरात्रीला शिवमंदिराकडे निघालेला माणूस सहज म्हणतो, “मी जातो समोर, भाऊ येते मांगून.” मी जातो, तो जाते. आमच्या पूर्व विदर्भाच्या तोंडाने पुरुषभेद ऐकू येईल असा ठेवला. त्यापायी ‘तो’ आणि ‘ती’ यांचे रूप एक झाले, पण फ्रेंचमध्येही ते एकच आहे आणि त्यावरून फ्रेंचांना कोणी गावंढळ म्हणत नाही.

‘तो जाते’ लिहिणाऱ्या पोराच्या वहीत गुरुजींनी लाल रेघ जरूर मारावी; पेपर प्रमाण मराठीचा आहे. पण पोराने पुरुष बरोबर ओळखला, त्याचा अर्धा गुण तेवढा द्यावा.